एका अनुस्वाराचा आजार

शेजारच्या घरातल्या सुनेला हल्ली बसल्या जागी छातीत धडधडतं. हात कापतात, घास घशाखाली उतरत नाही. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. घरातले म्हणतात, काही निघालं नाही म्हणजे काही झालेलं नाही. ती पोर माझ्याकडं येऊन रडली तेव्हा मी तिला माझी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "आत्या, हे लिहून ठेवा. माझ्यासारख्या लय जणी असतील." म्हणून लिहायला बसले. मला डॉक्टरकी कळत नाही. माझ्या अंगावरून काय गेलं तेवढं मला कळतं, आणि तेवढंच इथं येईल.

धडधड

तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. घरात, बाजारात मराठी आणि सरकारदरबारी उर्दू. आमचे हे परभणीत कचेरीबाहेर चटई टाकून बसायचे. अर्जनवीस. लोक आपलं गाऱ्हाणं मराठीत सांगायचे आणि हे ते उर्दूत अर्ज करून द्यायचे. कुणाचा बांध कोरला, कुणाची भावकी छळते, सगळं यांच्या लेखणीतून जायचं. गावाकडचे लोक यांना मुन्शी म्हणत. हे शेतकऱ्याच्या घरातून शिकून पुढं आलेले, म्हणून त्या नावाचा यांना मोठा अभिमान होता.

माझी पहिली मुलगी तापात गेली. सकाळी खेळत होती, दुसऱ्या दिवशी नव्हती. त्यावर जास्त लिहीत नाही. नंतर लिंबा झाला. सगळ्यांनी पेढे खाल्ले, मी मात्र पहाऱ्यावर बसले. तो शिंकला की मी उठायची. कुत्रं भुंकलं की उठायची. भाकरी उभ्यानंच खायची, बसले तर उठायला वेळ लागेल म्हणून. असं महिनोनमहिने चाललं. मग एकदा चुलीपुढं बसलेली असताना काही कारण नसताना छाती अशी उडायला लागली की मला वाटलं, लुगड्यावरून दिसत असेल. तळहात ओले झाले. थोड्या वेळानं आपोआप थांबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं.

सासूबाई म्हणाल्या, "पयलीचा धसका घेतलाय हिनं." खरं सांगायचं तर त्या बाईनं चुलीपुढंच रोग ओळखला होता. पण आपण घरच्या माणसाचं ऐकतो कधी?

हळूहळू मी वाळत गेले. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या. मग दूध आटलं. लिंबा वर्षाचा होत आला होता, वरचं खात होता, तरी दूध आटलं तेव्हा घर घाबरलं. मी तर त्याआधीच घाबरलेली होते.

दवाखान्याचा दिवस

यांनी मला सरकारी दवाखान्यात नेलं. आपली बाटली आपणच घेऊन जायची पद्धत होती. मी धुतलेली बाटली पदराखाली धरून बायकांच्या रांगेत बसले. कार्बोलिकचा वास, लेकरांची रडारड. डॉक्टर हैदराबादेत शिकून आलेले, वयस्क, बोलायला मऊ. त्यांना मराठी थोडं समजायचं, बोलता येत नव्हतं. मला उर्दू येत नव्हतं. मधे आमचे हे उभे. मला कसली भीती? सगळा जिल्हा ज्यांच्या तोंडून सरकारशी बोलतो तो माणूस माझ्या बाजूनं बोलत होता.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, छातीला नळी लावली. मागं रांग वाढत होती. ते यांच्याकडं वळून काहीतरी बोलले आणि पुढच्या बाईला हाक मारली. कंपाउंडरनं बाटलीत लाल औषध भरून तिच्यावर कातरलेली कागदी पट्टी चिकटवली, एका खाचेएवढं एका वेळी घ्यायचं म्हणून.

बाहेर आल्यावर हे कडुलिंबाच्या झाडाखाली थांबले. चेहरा पांढराफटक.

"काय म्हणले डाक्टर?"

"हवा बदलायला पायजे म्हणले. दूध, अंडी, आराम."

"मंग तुमी असे काय करायलाव?"

हे माझ्या हातातल्या बाटलीचं बूच दाबत राहिले. मी पुन्हा विचारलं. तेव्हा खाली बघत म्हणाले, "दिक हाय म्हणले."

दिक म्हणजे क्षय. उर्दू न येणाऱ्यालासुद्धा आमच्याकडं हा एक शब्द यायचा. यांचे थोरले भाऊ त्यातच गेले होते, याच दवाखान्यातून.

मी रडले नाही. मला पहिल्यांदा आठवलं ते एवढंच, की सकाळी मी लिंबाला माझ्या ताटातला घास चावून भरवला होता.

वेगळं ताट

घरी आल्यावर सासूबाईंनी ऐकलं. लगेच त्यांनी फडताळातून एक ताट, एक तांब्या आणि एक वाटी काढून वेगळी ठेवली. थोरल्या मुलाच्या वेळी त्यांना हे सगळं करून ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "लेकरू हितं ठिवायचं न्हाई. माझा एक गेलाय. आता दुसरं कुणी मी जाऊ द्यायची न्हाई."

तेव्हा मला त्यांचा राग आला. आज येत नाही. त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

माझा भाऊ गंगाखेडकडच्या एका गावात असायचा, गोदावरीच्या काठाला. त्याला निरोप गेला. तो आला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. लिंबाला वहिनीच्या हाती द्यायचं ठरलं. तिला स्वतःची तीन होती, चौथं काही जड नव्हतं. मी लिंबाला शेवटचं जवळ घेतलं नाही. घ्यायचं नाही असं ठरलं होतं आणि मीच ते मान्य केलं होतं. तो भावाच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत, हसत गेला. त्याला वाटलं फिरायला चाललोय.

पेरणी अजून व्हायची होती.

आखाड्यावर

हवा बदलायची म्हणून यांनी मला सेलू तालुक्यात देवगावाजवळ नेलं. तिथं यांची वडिलोपार्जित शेती होती आणि शेतातच राहायला आखाडा, म्हणजे मातीच्या भिंती आणि पुढं गोठा. परभणीची चटई गुंडाळून हेही माझ्याबरोबर आले. हा उपकार मी विसरलेले नाही. लोक क्षयाच्या माणसापासून हातभर लांब बसायचे, हे माझ्या खाटेला टेकून बसायचे.

पण आजार वाढला. आता छातीची धडधड दिवसातून कितीदाही यायची. सासूबाईही आखाड्यावरच राहायला आल्या होत्या. अंग कोमट लागलं की त्या म्हणायच्या, "ताप चढायला." घाम आला की म्हणायच्या, "उतरायला." मी वाळले की रोग वाढला, जेवले की दिव्याची वात विझायच्या आधी मोठी होते म्हणे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, आमच्या घरात तर तो पंगतीला बसलेला होता. मी आधी एका गोष्टीला घाबरत होते, लिंबाला काही होईल म्हणून. आता दोन झाल्या. मी मरेन, आणि त्याला मी आठवणारही नाही.

दुसरी भीती जास्त वाईट होती. मरायचं तर सगळ्यांनाच आहे.

वेळ जावा म्हणून यांनी मला अक्षरं शिकवायला घेतली. सारवलेल्या जमिनीवर राख पसरायची आणि बोटानं काढायचं. काना, मात्रा, वेलांटी. अनुस्वार मी विसरायची. हे चिडायचे, "एका टिंबानं अर्थ बदलतो, समजलं का? कचेरीत एका टिंबापायी लोकांच्या जमिनी जातेत." मी म्हणायची, मास्तर, चूक झाली. त्या वेळी आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हतं की आमच्या घरात टिंब कुठं हरवलंय.

त्या दिवसांतलं सुख विचाराल तर तेवढंच, ती राख. अक्षर काढताना छाती गप्प असायची.

खोकला

एके दिवशी गोठ्यापुढं ज्वारी निवडता निवडता माझ्या मनात आलं आणि मी विचारून टाकलं, "अवो, मला खोकला कसा न्हाई?"

हे दावं वळत होते. मान वर न करता म्हणाले, "यील की."

मग स्वतःच काय बोललो ते कळलं आणि जीभ चावली. मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. कित्येक महिन्यांनंतर हसले होते. हेही हसले. पण हसणं ओसरल्यावर प्रश्न तसाच राहिला. थोरले दीर खोकून खोकून गेले होते. मला साधी ढास नव्हती. यांनी सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, काहींना शेवटी येतो.

त्यानंतर चार-दोन दिवसांनी विहिरीवर मला चक्कर आली. छाती अशी धावत होती की श्वास पुरेना. यांनी बैलगाडी जुंपली. सेलूहून आगगाडीनं परभणी. डब्यात लोक बसायला जागा द्यायचे आणि मग हे "बरं न्हाई" म्हणाले की ते उठून दुसरीकडं जायचे. एवढी ऐसपैस मी पुन्हा कधी आगगाडीत बसले नाही.

किसने कहा?

डॉक्टर तेच होते. त्यांनी मला ठेवून घ्या म्हणून सांगितलं, जनाना वॉर्डात. वॉर्डात ओळीनं खाटा, शेजारी बाळंतिणी, लेकरं.

आमचे हे धावत डॉक्टरांच्या मागं गेले. दाराशीच बोलणं झालं, मी खाटेवरून ऐकत होते. शब्द तेव्हा कळले नाहीत, पण नंतर यांनी ते मला इतक्यांदा सांगितले की आता पाठ आहेत.

"साब, इनको अलग रखिए. यहाँ बच्चे हैं. इनको दिक है."

"किसने कहा?"

"आपने, साब."

"मैंने?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "मैंने कब कहा?"

यांनी तो दिवस सांगितला. लाल औषध, हवा बदला, दूध, अंडी. डॉक्टर कपाळावर हात मारून म्हणाले, "मैंने कहा होगा, दिक हो गई हैं. हैं, मुन्शीजी, हैं! परेशान हो गई हैं. थक गई हैं. आपने सुना, दिक हो गई है?"

बाकी काही नाही, एवढंच. 'दिक हो गई हैं' म्हणजे बाई त्रासून गेल्यात. 'दिक हो गई है' म्हणजे बाईला क्षय झालाय. नाकातल्या एका आवाजाचा फरक. इतिहासात 'ध' चा 'मा' झाला म्हणतात, आमच्या घरात 'हैं' चा 'है' झाला.

आणि गंमत बघा, हा शब्द यांच्या रोजच्या लेखणीतला. अमका इसम मला दिक करतो, म्हणजे छळतो, असं दिवसातून किती अर्जांत हे लिहायचे. पण त्या दवाखान्यात, भाऊ जिथून गेला तिथं, बायको समोर असताना, यांच्या कानानं भलताच अर्थ धरला. भीती कानातसुद्धा शिरते, हे मी तेव्हा शिकले.

हे माझ्या खाटेपाशी आले आणि टोपी हातात धरून उभे राहिले. मला सांगताना यांना रडू कोसळलं. मला आधी हसू आलं. मग असा राग आला, असा राग आला की मी तोंड भिंतीकडं केलं. लिंबा माझ्याविना चालायला शिकला होता. ते पहिलं पाऊल मला कुठल्या अर्जानं परत मिळणार होतं? दोन दिवस मी यांच्याशी बोलले नाही. हे झाडाखाली तीन दगडांच्या चुलीवर माझ्यासाठी पेज करून आणायचे, वाटी ठेवून जायचे. तिसऱ्या दिवशी पेज करपली होती. मी म्हणाले, "मीठ तरी बघून घालीत जावा." तिथून बोलणं सुरू झालं.

दोन गाठी

डॉक्टरांनी खात्री करून घेतली. थुंकी मागितली, तर मला थुंकता येईना, इतकी मी कोरडी. रोज काखेत काचेची नळी लावून ताप बघितला. ताप नव्हताच. मग एका दुपारी ते सवडीनं खाटेशी बसले आणि सांगू लागले. यांनी हात जोडून विनंती केली, "साब, एक एक जुमला बोलिए. दो दफा बोलिए." डॉक्टर हसले, पण प्रत्येक वाक्य दोनदा बोलले.

"डाक्टर म्हणतेत, आपल्या गुर्द्यांवर दोन बारक्या गाठी असतेत."

"गाठी?" मी उठूनच बसले.

"अगं, समद्यांलाच असतेत. ऐक तर." मग पुढं, "माणूस भ्यालं की त्या गाठींतून एक रस रगतात उतरतो. त्यानं काळीज पळतं, हात कापतेत, भूक मरते. वाघ आला तर पळायला ताकद पायजे म्हणून देवानं ही सोय केली. वाघ गेला की रस बंद. पर तुझा वाघ जातच न्हाई म्हणतेत. तू रोज त्याला दारात बघायलीस. म्हणून दूध आटलं, म्हणून वाळलीस. खोटं न्हाई तुझं. अंगात खरंच घडायलंय."

हे शेवटचं वाक्य डॉक्टरांचं होतं की यांचं, मी विचारलं नाही. पण त्या वाक्यानं मला जेवढं बरं वाटलं तेवढं लाल औषधानं वाटलं नव्हतं. आता माझी नात गुर्द्यांना मूत्रपिंडं म्हणते आणि त्या रसांची इंग्रजी नावं सांगते, अ‍ॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल. नावं असू द्यात. शेजारच्या पोरीला मी एवढंच सांगितलं, की तुझं खोटं नाही आणि तू मरतही नाहीस. दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

कुणाला वाटेल, गैरसमज गेला आणि मी उठून चालायला लागले. तसं होत नाही. क्षय नाही हे डोक्याला त्याच दिवशी कळलं, छातीला कळायला पुढचं वर्ष लागलं. शरीराला उर्दू येत नाही तसं मराठीही येत नाही. डॉक्टर म्हणाले होते, धडधड आली की पडून राहू नका. काळजाला पळायचंच आहे तर हातापायांनाही काम द्या. मी जात्यावर बसायची. पसाभर ज्वारी टाकायची आणि दळत राहायची. पीठ पडेपर्यंत धडधड ओसरलेली असायची. आमच्या घरात त्या वर्षी पिठाचा कधी तुटवडा पडला नाही.

गंगाखेडची गाडी

दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी आम्ही टेसनावर आलो. जायचं सेलूला, सासूबाईंकडं. त्यांना निरोप गेला होता आणि त्यांचं उत्तरही आलं होतं: आधी पण डाक्टरच म्हणला होता ना? लेकरू एवढ्यात आणू नका, उन्हाळा जाऊ द्या.

मी बाकावर बसले होते. उन्हाळा जाऊ द्या म्हणजे अजून किती, हे मोजायची माझी ताकद नव्हती. हे तिकिटं घेऊन आले आणि माझ्या हातात दिली. मला वाचता यायला लागलं होतं, पण तिकिटावर काही मराठी नव्हतं.

"कुठलं काढलं?"

"गंगाखेडचं." हे दुसरीकडं बघत म्हणाले, "आईला काय सांगायचं ते मी सांगतो. तू लेकराकडं चल."

एवढा एकच अर्थ यांनी आयुष्यात माझ्यासाठी बिनचूक केला असता तरी मला पुरला असता.

भावाच्या गावी पोचलो तेव्हा ज्वारी हुरड्याला आली होती. अंगणात पोरं आगटीभोवती बसून कणसं चोळत होती. भावाच्या थोरल्या पोरीनं मला बघितलं आणि ओरडली, "आत्या आली! आत्या आली!" बाकीची दोन्ही उठली. आणि त्यांच्या मागं एक चौथं, दोन्ही मुठींत हुरडा धरलेलं, दुडकत आलं. गाल भरलेले, अंगात मामेभावाचा ढगळ सदरा.

ते माझ्यापुढं थांबलं, मान वर केली आणि बाकीच्यांसारखंच म्हणालं, "आत्या."

माझी छाती उडायला लागली. पण ती धडधड मी ओळखली. तिच्यात वाघ नव्हता.

वहिनी दारातून धावत आली. तिचे डोळे भरले होते. तिनं लिंबाला जवळ ओढलं, "आत्या न्हाई रे राजा. माय हाय ही तुझी. माय म्हण."

लिंबानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्याची माय त्याला धरून उभी होती. दुसरी कुठली असते, हे त्याला कसं कळावं?

मी खाली बसले. म्हणाले, "म्हणू द्या वहिनी. त्याला जे येतं ते म्हणू द्या."

त्यानं एक मूठ उघडली आणि दाबून चिखल झालेला हुरडा माझ्या तोंडाशी धरला. मी तो खाल्ला.

आज लिंबाला नातवंडं आहेत. सून, नातवंडं, गल्लीतली पोरं, सगळी त्याचंच ऐकून मला तसंच म्हणतात. तो रोज सकाळी दारातून हाक मारतो, "आत्या, उठलीस का?" आणि मी ओ देते.